पिवळ्या गोळीचं वाण

नाव विचारल्याशिवाय राधिकाच्या हातून कुणाला गोळी दिली जात नसे. यात हसण्यासारखं काही नाही, नर्सने तसंच करायचं असतं. पण राधिका ते इतक्या निष्ठेनं करी की वसईतल्या ज्या दवाखान्यात ती वॉर्डची सिस्टर होती, तिथले पेशंट तिची ट्रॉली दारात दिसली की आपापली नावं आधीच पुटपुटायला लागत. एकदा दवाखान्याचे ट्रस्टीच पोट बिघडून दाखल झाले. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळी तिने परत विचारलं, "पूर्ण नाव सांगा." तेव्हा ते भडकले. "अहो बाई, बाहेर पाटीवर माझं नाव आहे!"

"असेल हो, पण गोळी पाटीला द्यायची नाहीये," राधिका म्हणाली.

ट्रस्टींनी मुकाट्याने नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. गोळी गिळल्यावर राधिकाने त्यांना जीभ उचलायला लावली. काही लोक गोळी जिभेखाली लपवतात आणि नंतर उशीखाली सरकवतात, हे तिला पाठ होतं. ट्रस्टींनी जीभ उचलली. ते घरी गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, राधिकाला मात्र लांबूनच नमस्कार केला.

अशी ही राधिका विरार पूर्वेला चंदनसारला एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. घरात नवरा विघ्नेश, सासरे जगन्नाथ आणि सासू आनंदीबाई. ही गोष्ट घडली तेव्हा बाप-लेक दोघे कोकणात गावी गेले होते, आंब्याच्या कलमांना फवारणी करायला. म्हणजे घरात सासू आणि सून दोघीच, आणि देवघराखालच्या खणात दोघींपेक्षा जास्त जागा अडवून बसलेली औषधं.

आनंदीबाईंना संधिवात होता. त्यासाठी त्यांना दोन पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि या दोन पिवळ्या गोळ्यांवरच पुढचं सगळं रामायण आहे, तेव्हा त्या नीट ओळखून घ्या. एक गोळी मेथोट्रेक्सेटची. ती आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी. सांध्यांची आग ती विझवते. पण तीच रोज घेतली तर शरीराचं रक्त तयार करायचं काम बसतं, तोंडापासून आतड्यापर्यंत सालटी निघतात, म्हातारं माणूस दगावतंसुद्धा. पोटुशी बाईने ती घेतली तर मूल हाती लागत नाही. दुसरी गोळी फॉलिक अ‍ॅसिडची, बिचारी साधी, जीवनसत्त्वाची. पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून ती बाकीचे दिवस रोज सकाळी घ्यायची. गर्भार बायकांना देतात ती हीच. एक विष म्हणावं अशी, एक दुधासारखी, आणि रंग दोघींचा हळदीचा.

दवाखान्यात मेथोट्रेक्सेट कुलपात असे. ती बाहेर काढायची तर दोन सिस्टर लागत, एकीने वाचायचं आणि दुसरीने परत वाचायचं. घरी मात्र दोन्ही पाकिटं देवघराखालच्या त्याच खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. वेगळं कपाट करायचं राधिकाच्या मनात केव्हापासून होतं, पण ड्यूटी, स्वयंपाक आणि विघ्नेशचे डबे यांतून ते राहूनच गेलं. त्याऐवजी तिने रविवारच्या पाकिटावर लाल नेलपॉलिशचा ठसठशीत ठिपका दिला होता. लाल ठिपका म्हणजे रविवार. ती गोळी राधिका स्वतःच्या हाताने काढून, पाण्याच्या पेल्यासकट सासूपुढे धरी. रोजची बिनठिपक्याची आनंदीबाई सकाळी आपली आपण घेत, कारण त्या वेळी राधिका ड्यूटीवर असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यात आली संक्रांत.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत इमारतीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक बाईला काहीतरी वाण लुटावं लागतं. वाण म्हणून मिळालेली वस्तू कुणी वापरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. ती कपाटावर चढते आणि आपल्याकडचं हळदीकुंकू आलं की खाली उतरून दुसरीच्या हातात जाते. आनंदीबाईंनी मागच्या वर्षी दिलेली हिरवी साबणदाणी यंदा त्यांनाच परत मिळाली होती, कोपऱ्यावरच्या चिरेसकट. त्यांना त्याचा फार राग आला. त्यांनी ठरवलं की यंदा असं वाण द्यायचं, जे घरोघरी खरंच लागतं. मग घरोघरी काय लागतं? कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला गॅस होतो, कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. आणि आपल्या खणात तर जगन्नाथरावांच्या, विघ्नेशच्या आणि स्वतःच्या उरल्यासुरल्या गोळ्यांची नुसती रास पडली आहे! सुनेच्या ज्ञानाचा थोडा वाराही अंगावरून गेलेला. आनंदीबाई कामाला लागल्या.

कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको म्हणून त्यांनी कात्रीने पाकिटांचे तुकडे केले. त्यात औषधाचं नाव एकीकडे गेलं, तारीख दुसरीकडे, आणि बऱ्याच तुकड्यांवर काहीच उरलं नाही. मग प्रत्येकाबरोबर तिळगुळाची पुडी आणि सोनेरी दोरा. आणि वाण म्हटलं की त्याला हळदीकुंकवाचं बोट लागतंच. तेव्हा खणातल्या झाडून सगळ्या पाकिटांना, तुकड्यांना, घरासाठी ठेवायची होती त्यांनासुद्धा, त्यांनी ओल्या कुंकवाचा एक-एक ठिपका लावला. सगळा खण लालेलाल झाला.

सोमवारी दुपारी राधिका ड्यूटीवर असताना हळदीकुंकू थाटात पार पडलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "वाण काय दिलंत?" आनंदीबाई म्हणाल्या, "उपयोगी दिलं." राधिका थकलेली होती. तिने पुढे विचारलं नाही.

विचारलं ते रविवारी. सकाळची ड्यूटी आटपून ती दुपारी परतली. आनंदीबाई कधी नव्हे त्या पलंगावर आडव्या होत्या. पाचव्या मजल्यावर यमुनाकाकूंकडे हळदीकुंकू होतं आणि त्या गेल्या नव्हत्या. "कंटाळा आला गं," एवढंच म्हणाल्या. राधिकाने पेला भरला, खण उघडला आणि तिचा हात हवेतच राहिला. खणात उदबत्ती होती, कापूर होता, वातींचा पुडा होता.

"आई, खणातल्या गोळ्या कुठायत?"

"लुटल्या," आनंदीबाई म्हणाल्या.

"लुटल्या म्हणजे? चोर आला होता?"

"चोर कशाला येतोय! वाण लुटलं. सोमवारी. तूच म्हणतेस ना, घरात जास्तीची औषधं साठवू नयेत. नाही साठवली."

राधिका पलंगाच्या कडेवर बसली. मग एकदम उठली. "पिवळ्या? पिवळ्या गोळ्या कुणाला दिल्यात?"

"खालच्या पूर्वीला," आनंदीबाईंचा चेहरा उजळला. "दिवस गेलेत तिला. मलाच आधी सांगितलंन्. पोटुशीला पिवळी गोळी देतात, तूच एकदा म्हणाली होतीस. म्हटलं पोरीचं मागच्या वर्षी एकदा गेलंय, या वेळी तरी..."

"आणि त्यावर ठिपका होता? लाल?"

"लाल ठिपका सगळ्यांनाच होता. वाण ना ते?"

पुढचं ऐकायला राधिका तिथे नव्हती. आनंदीबाई मागून म्हणत होत्या, "अगं, ऐक तरी," पण तोवर ती युनिफॉर्मवरच, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक सासूची घालून, जिन्यात पोचली होती. पूर्वीचं मूल, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. मागच्या वर्षी पूर्वीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्या शेजारी गाडीत राधिकाच बसली होती. सोमवार ते रविवार. रोज एक घेतली असेल तर? तिला रडूही येईना आणि पायही पुरेनात.

तिसऱ्या मजल्यावर पूर्वीच्या दाराला कुलूप. म्हणजे वर, यमुनाकाकूंकडे. ती तशीच पाचव्या मजल्यावर धावली आणि दारातच यमुनाकाकूंनी तिला धरलं.

"आली बाई एकदाची! दर वर्षी ड्यूटीचं कारण सांगते. बस!"

"काकू, पूर्वी कुठाय? मला फक्त..."

"सवाष्ण बाई हळदीकुंकू न घेता आत जाते होय? बस म्हणते ना."

कपाळाला हळद लागली, कुंकू लागलं, गुलाबपाणी डोळ्यात गेलं, मनगटाला अत्तर लागलं. हातात एक लाडू आणि प्लॅस्टिकचा गाळणीवाला डबा आला. आत वीस-पंचवीस बायका गोलात बसल्या होत्या आणि अगदी त्या टोकाला, खिडकीशी, पूर्वी होती. राधिकाने उठायचा प्रयत्न केला तर बायकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. "उखाणा! उखाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही!"

राधिकाने एकदा पूर्वीकडे पाहिलं, एकदा लाडवाकडे, आणि तोंडाला आलं ते म्हणून टाकलं:

"तिळगूळ आहे गोड, लाडू आहे मऊ,
विघ्नेशरावांच्या आईने आणले माझ्या नाकी नऊ!"

बायका लोळून हसल्या. "वन्स मोअर" सुद्धा झालं. त्या गोंधळात राधिका चार मांड्या ओलांडून पूर्वीपाशी पोचली आणि तिचे दोन्ही दंड धरले. "आमच्या आईंनी दिलेल्या पिवळ्या गोळ्या. किती घेतल्यास?"

"एक पण नाही," पूर्वी म्हणाली. "राधिकाताई, काय झालं? माझ्या डॉक्टरने लिहून दिल्यात तेवढ्याच घेते मी. मागच्या वेळेपासून साधी क्रोसिन पण विचारून घेते. मावशींचं मन मोडवेना म्हणून वाण ठेवून घेतलं. मग बुधवारी माझ्याकडे होतं ना, तेव्हा मटिल्डा आंटीला देऊन टाकलं."

राधिका तिथेच, भिंतीला टेकून खाली बसली. पूर्वीचं मूल सुखरूप होतं. देवा, सुखरूप होतं. तिने पूर्वीच्या गालाचा मुकाच घेतला. सगळ्यांसमोर, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की गोळी संपलेली नाही, फक्त मजला बदलला आहे. मटिल्डा साठीच्या पुढची बाई. तिने ती रोज घेतली असेल तर तिच्याही जिवाशी खेळ. आणि मटिल्डाच कशाला? खण रिकामा होता. जगन्नाथरावांच्या प्रेशरच्या गोळ्याही कुणाच्या तरी घरात होत्याच.

"सगळ्यांनी ऐका," ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, आणि टाळ्या थांबल्या. "आईंकडून मिळालेली गोळी कुणी खाल्लीय?"

निम्म्या गोलाने हात वर केले.

"फार गुण आला हो," एकजण म्हणाली. "त्या बारक्या पांढऱ्या गोळीने माझा गुडघा थांबला."

"अहो, ती थायरॉईडची आहे."

"मग थायरॉईडही थांबला असेल."

"आमच्या केनीला झोप यायची नाही," पहिल्या मजल्यावरची ज्युली सांगू लागली, "तर आनंदीबाईंनी बघून बघून दिली. आता काय झोपतो! उभ्या-उभ्या झोपतो. काल बाथरूममध्येच आडवा झाला."

"ज्युली, ते झोपत नाहीत, चक्कर येऊन पडतात! ती प्रेशर उतरवायची गोळी आहे. आजपासून बंद, आणि त्यांना आत्ता कुणीतरी खाली बसवा. मी येऊन प्रेशर बघते." राधिकाने दम घेतला. "आणि सगळ्यांनी आपापल्या गोळ्या मला परत आणून द्या. आत्ता."

या 'परत'ने घात केला. गोळी खाऊन माणूस आडवा होतो हे त्यांना पटलं होतं, पण वाण परत? सवाष्णीने दिलेलं वाण सवाष्णीला परत? यमुनाकाकूंनी कानांना हात लावले. देणारीलाही बाधतं आणि घेणारीलाही, त्या म्हणाल्या. कुणाच्या तरी आत्याने एकदा वाणाचा हळदीकुंकवाचा करंडा बदलून मागितला होता आणि त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याची बदली गडचिरोलीला झाली होती. राधिकाने समजावलं, हात जोडले, विनवण्या केल्या. बायका हळहळल्या, पण एकही जागची हलली नाही.

शेवटी तोड यमुनाकाकूंनीच काढली. "परत नाही देता येत. पण ओटी भरता येते."

"कुणाची?"

"तुझी."

युनिफॉर्मला पदर कुठला? काकूंनी आपली शाल राधिकाच्या खांद्यावरून घेऊन पुढे झोळीसारखी धरायला लावली. तिला पाटावर बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. मग बायका आपापल्या घरी जाऊन आल्या आणि एकेकीने तिची ओटी भरली. आधी मूठभर तांदूळ, मग कापलेली पाकिटं. झोपेच्या, पोटाच्या, प्रेशरच्या, साखरेच्या, एकीने तर स्वतःच्या घरातल्या कफ सिरपची अर्धी बाटलीही ठेवली, कारण ओटीत जरा भर दिसावी. "अष्टपुत्रा भव," म्हणून कुणीतरी आशीर्वाद दिला. राधिका मनातल्या मनात तुकडे ओळखत होती आणि ओठांनी "थँक्यू, थँक्यू" म्हणत होती. पिवळी तेवढी त्यात नव्हती.

मग ती ओटी सावरत खाली निघाली, आणि तिच्यामागे अख्खं हळदीकुंकू निघालं. कुणाच्या हातात अत्तरदाणी, कुणाच्या हातात लाडवांचं ताट. अर्ध्या जिन्यात भेटलेल्या एका पार्सलवाल्याला कुणीतरी तिळगूळ दिला.

मटिल्डा तळमजल्यावर राहायची. मूळ वसईच्या भातशेतीच्या गावातली. मुलांनी इकडे फ्लॅट घेतला म्हणून आली, पण इमारतीमागच्या मातीच्या पट्टीत नवऱ्याने, रुडॉल्फने, अळू आणि तोंडली लावून गावच वसवलं होतं. ती चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला निघायच्या तयारीत, कानात झुमके घालत दारात आली आणि एवढी फौज बघून म्हणाली, "काय गो, कोन गेला काय?"

"कुणी नाही. आंटी, पूर्वीने दिलेल्या पिवळ्या गोळ्या कुठायत? खाल्ल्यात?"

"मी कशाला खाव? रुडूने घेतल्यान."

राधिकाचा जीव परत वर आला. "रुडॉल्फ अंकल! किती खाल्ल्यात?"

"मी नाय," मागून रुडॉल्फ हातात झारी घेऊन आला. "वेलाने खाल्ल्या. पानं पिवळी पडत होती म्हनून पिवळी गोळी घातली. रोज एक, पानी देताना. चांगला तरारलाय, बघा."

"उरलेल्या?"

खिडकीच्या कट्ट्यावर, मीठमसाल्याच्या बरणीमागे उरलेलं पाकीट होतं. नावाची कड कात्रीत गेलेली, वर कुंकवाचा ठिपका, वाळलेला. राधिकाने ते घेतलं. आता एकच खूण उरली होती: कुंकू पाण्याने जातं, नेलपॉलिश जात नाही. तिने झारीच्या पाण्यात अंगठा बुडवला आणि ठिपका चोळला. लाल रंग पसरला, गुलाबी झाला, निघून गेला. खाली पाकिटाचा कागद स्वच्छ, चांदीसारखा कोरा.

"फॉलिक!" राधिका ओरडली. "फॉलिक अ‍ॅसिड आहे! साधं! ती दुसरी पिवळी, विषाची, ती नाही! काही होत नाही याने!"

तिने रुडॉल्फला मिठी मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, नेमकं कशासाठी ते निम्म्यांना कळलं नव्हतं, तरी. यमुनाकाकूंनी तोंडलीच्या वेलालाही हळदीकुंकू लावलं. लाडवाचं ताट फिरलं, पूर्वीने दोन खाल्ले, आणि राधिका इतकी हसली की तिच्या ओटीतली कफ सिरपची बाटली सांडायला आली. आनंदीबाईंनी अगदी योग्य गोळी दिली होती. अख्ख्या इमारतीत एकच माणूस असं होतं ज्याला बरोबर औषध मिळालं, आणि ती होती पूर्वी! घरी जाऊन सासूची माफी मागायची, असं तिने ठरवलं.

मटिल्डा मात्र हसत नव्हती. ती एक झुमका हातात धरून विचार करत होती. "पन मग बाई," ती म्हणाली, "तुजी ती दुसरी पिवली, विखाची, ती कुनाकडे गेली?"

राधिकाचं हसू तोंडावरच राहिलं.

तिने शाल, ओटी, तांदूळ, सगळं तिथेच मटिल्डाच्या हातात दिलं आणि पळाली. चार मजले ती कशी चढली ते तिला नंतर आठवलं नाही. आनंदीबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या, वाटीतलं गार दूध चमच्याने घोट-घोट पीत. प्रत्येक घोटाला डोळे मिटत होत्या.

"आई, काय होतंय?"

"तोंड आलंय गं. तीन दिवस झाले, आमटीसुद्धा सोसत नाही. म्हटलं उष्णता असेल. तुला कुठे त्रास द्यायचा, तू आधीच दमून येतेस."

"आई. पूर्वीला एक पाकीट दिलंत. पिवळ्यांची पाकिटं किती होती?"

"दोन. तेच तर मघाशी सांगत होते, तू ऐकतेस कुठे? एक तिला दिलं, एक मला ठेवलं. दोन्ही पिवळीच की." आणि त्यांनी ब्लाउजमधली बारकी पर्स काढून त्यातलं पाकीट तिच्या हातावर ठेवलं. बऱ्याच खोबणी रिकाम्या होत्या. "रोज सकाळी एक. एक दिवस चुकवली नाही. सणवार झाला, पाहुणे झाले, पण गोळी नाही चुकवली. आजची पण घेतली."

राधिकाने नळाखाली अंगठा ओला केला. कुंकू गेलं. खालचा लाल ठिपका तसाच राहिला, चकचकीत, तिने स्वतःच्या हाताने दिलेला.

पूर्वीच्या नवऱ्याने, प्रितेशने, गाडी काढली. राधिका मागे सासूला धरून बसली. आनंदीबाईच तिला म्हणत होत्या की एवढी घाई कशाला, उद्या गेलो असतो. स्वतःच्याच दवाखान्यात राधिका आपल्या माणसाला घेऊन आली तेव्हा रिसेप्शनवरच्या पोरीने सवयीने आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

रक्त तपासायला गेलं, सलाइन लागलं, उताऱ्याचं इंजेक्शन सुरू झालं. उतारा म्हणजे फॉलिकचीच थोरली बहीण, तीही पिवळीच. राधिकाच्या ते ध्यानात आलं आणि तिने तिकडे बघायचं टाळलं. रिपोर्ट यायला वेळ लागला. राधिका भिंतीला धरून उभी होती, जशी पेशंटची माणसं उभी असतात. तिला आज कुठे उभं राहायचं तेच कळत नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, राधिकाला थोडा वचकून असणारा. कागद घेऊन आला आणि म्हणाला, "पांढऱ्या पेशी उतरल्यात, पण हाताबाहेर गेलेलं नाही. अजून दोन-तीन दिवस घरी राहिल्या असत्या तर मी असं म्हणू शकलो नसतो. आठवडाभर इथेच ठेवू. होतील बऱ्या." मग तो पलंगाशी वाकला. "आजी, एक सांगा, घरी तुमच्या गोळ्या कोण बघतं?"

आनंदीबाईंना बोलायला त्रास होत होता, तरी त्या उशीवर वर सरकल्या. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "ही काय, माझी सून. तुमच्याकडेच आहे. तिने सांगितल्याशिवाय मी एक गोळी तोंडात टाकत नाही. विचारा तिला, एक दिवस तरी चुकवलीय का."

डॉक्टरने राधिकाकडे पाहिलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईनेही पाहिलं.

"नाही चुकवली," राधिका म्हणाली. "अख्ख्या इमारतीला विचारत फिरले मी डॉक्टर, कोणी कोणती गोळी खाल्ली म्हणून. वेलालासुद्धा विचारायचं बाकी ठेवलं नाही. यांना विचारलं नाही. या सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

आणि मग इतक्या वर्षांत वॉर्डात कुणाला दिसली नव्हती तशी ती रडली, ट्रॉलीचा दांडा धरून, आवाज करून. एका नवीन सिस्टरने तिला पाणी दिलं, ते सांडलं.

आनंदीबाईंनी सलाइन नसलेला हात पुढे करून तिची बाही ओढली, तिला जवळ बसवलं, आणि डॉक्टरला हळूच म्हणाल्या, "फार दमते हो बिचारी. तिला पण एखादी गोळी द्या ना काहीतरी."